तारेवरचे अडीच तास

मी एक जुना ग्लायडर आहे, मित्रांनो, आणि माझा डावा पंख अर्धाच उरला आहे. घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत, विज्ञानाच्या खोलीच्या खिडकीपाशी मला टांगून ठेवलं आहे. उजव्या पंखावर धूळ असते. शेपटीचा एक कोपरा उंदराने खाल्लेला आहे. नवीन आलेली मुलं मला पाहून हसतात आणि विचारतात, "हे कोणाचं मोडकं इमान व?"

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. माझ्यात मोटर नाही, बॅटरी नाही, मला चालवणारा रिमोटही नाही. मला दोऱ्याने ओढून वर चढवायचं आणि सोडून द्यायचं. मग हवा जिकडे नेईल तिकडे मी जातो. एकदा सुटलो की माझ्यावर कुणाचाच ताबा राहत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते एवढ्या एका गोष्टीमुळे घडलं.

मला बनवलं शीलाने. तेव्हा ती नववीत होती. तांड्यातलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. वडील भावसिंग वीज खात्यात वायरमन. त्यांच्या सायकलीची जागा मोटारसायकलने घेतली, तरी खांद्यावरची दोरखंडाची गुंडाळी तीच राहिली. आई लालीबाई तीन एकरांची शेती बघायची. घरात ती माणसं आपसांत बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत, गावात गेली की वऱ्हाडीत; मी मात्र त्यांचं सगळं बोलणं वऱ्हाडीतच सांगतो. शीला आईला याडी म्हणायची आणि वडिलांना बा.

माझी हाडं बांबूच्या कामट्यांची आहेत. अंगावर पतंगाचा कागद, तांबडा आणि पांढरा. पोट कुणाच्या तरी नव्या टीव्हीच्या खोक्यातून आलेल्या थर्माकोलचं. नाकात वजनासाठी सायकलच्या चाकातले छर्रे. पण माझे पंख लांब होते, टोकापासून टोकापर्यंत शीलाच्या उंचीएवढे, आणि कामटीवर ते वाकायचे. तेव्हा शीलाने भावसिंगांची मोडकी छत्री उसवली आणि तिच्या दोन लोखंडी काड्या एकापुढे एक बांधून पंखांच्या आत बसवल्या. मी एकदम ताठ झालो. मला फार अभिमान वाटला. आपल्या पंखात लोखंड आहे याचा अर्थ काय होतो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शीलालाही नव्हतं.

पहिल्या दिवशी मी सहा वेळा पडलो. शीलाने नाकातला एक छर्रा वाढवला, एक काढला, पुन्हा वाढवला. तिची मैत्रीण निकिता दोरा धरून धावायची. चाळीस मीटरचा सुती दोरा, त्याच्या टोकाला एक कडी, आणि माझ्या पोटाखाली खिळा वाकवून केलेला आकडा. निकिता धावली की मी पतंगासारखा वर चढायचो. पार डोक्यावर आलो की ती दोरा सैल सोडायची, कडी आकड्यातून गळायची आणि मी मोकळा व्हायचो.

घरून निघताना भावसिंगांनी एकच गोष्ट बजावली होती.

"खांब दिसला का तिथून मांगं फिरायचं. तारेखाली इमान उडवायचं नाही. समजलं?"

"हो बा."

म्हणून आम्ही गायरानात जायचो. तांड्यापासून अर्धा कोस चालत. तिथे एकही खांब नव्हता. नुसतं गवत, दोन पळसाची झाडं आणि आभाळ.

मित्रांनो, त्या गायरानात मी जे पाहिलं ते सांगायला माझ्याजवळचे शब्द अपुरे आहेत. फाल्गुनातली दुपार होती. शेजारचं वावर नुकतंच नांगरलेलं, काळं कुळकुळीत. मी त्याच्यावर पोचलो आणि खालून कुणीतरी मला हळूच उचललं. हात दिसत नव्हता. आवाज नव्हता. पण मी खाली येण्याऐवजी वर जात होतो! काळी माती उन्हाने तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर निघते, आणि त्या वर जाणाऱ्या हवेत जो शिरेल त्याला ती सोबत नेते. हे शीलाने नंतर पुस्तकात वाचून निकिताला सांगितलं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं, की ज्या जमिनीतून कापूस आणि तूर वर येते, त्याच जमिनीतून मीसुद्धा वर येतो आहे.

तेवढ्यात एक घार आली. तिने पंख हलवला नाही. ती माझ्या शेजारून एक गोल फिरली, मी एक गोल फिरलो. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यात राग नव्हता, भीती नव्हती. मी कागदाचा, ती हाडामांसाची, आणि एकाच श्वासाने दोघांना वर धरलं होतं. खाली शीला आणि निकिता दोन ठिपक्यांएवढ्या झाल्या होत्या. दोघी ओरडायच्या थांबल्या होत्या. मान वर करून नुसत्या उभ्या होत्या.

त्या दिवशी मी नाल्यापलीकडच्या तुरीच्या वावरात उतरलो. अर्धा किलोमीटर तरी असेल. मला शोधायला त्यांना संध्याकाळ झाली.

मग पाऊस आला, शाळेची परीक्षा आली, कापूस वेचायला आला. मला घराच्या आढ्याला टांगलं गेलं आणि कुणी माझ्याकडे बघेना. शेपटीचा कोपरा उंदराने खाल्ला तो याच काळात. माझी तक्रार नाही. ज्या घरात कापूस वेचून हात रक्ताळतात, तिथे ग्लायडरने रुसू नये.

दुसऱ्या वर्षी हरभरा सोंगायला आला तेव्हा शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन ठरलं. शीलाने मला खाली काढलं, पुसलं, नवा कागद चिकटवला. प्रदर्शनाआधी एकदा उडवून बघायचं होतं. पण गायरानात आता सौर वीजप्रकल्पाच्या पाट्या बसल्या होत्या आणि भोवती तारेचं कुंपण झालं होतं. उडवायला जागा राहिली नव्हती.

"आपल्याच वावरात उडवू नं," शीला म्हणाली. "कापसाची पऱ्हाटी उपटून झाली. मोकळं हाय."

"अन् थे खांब?" निकिताने विचारलं.

खांब होते. लालीबाईच्या वावराला लागून वामनरावांचा गहू होता आणि गव्हाच्या कडेने अकरा केव्हीची लाइन जात होती. वामनराव हे निकिताचे सख्खे काका. शीलाने मोकळ्या वावराच्या या टोकाला उभं राहून खांबापर्यंत पावलं मोजली. तीनशे भरली. वाराही खांबाकडून आमच्याकडे येत होता.

"तीनशे पावलं हाय. लय झालं," ती म्हणाली.

मित्रांनो, तिला विसर पडला होता. मी अर्धा किलोमीटर उडालेला होतो.

रविवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. वामनरावांच्या गव्हात तुषार सुरू होते, पाण्याचे पांढरे पिसारे गरगर फिरत होते. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, लालीबाई हरभरा सोंगत होती. निकिता धावली. मी चढलो. डोक्यावर आलो, दोरा सैल पडला, पण कडी गळली नाही. वर्षभर टांगून माझा आकडा गंजला होता, कडी त्याच्यात अडकून बसली.

निकिताने झटका दिला. पुन्हा दिला. दोरा तिच्या हातातून सुटला.

त्याच वेळी खालच्या तापलेल्या मातीने मला उचललं. वारा फिरला. सकाळी जो आमच्याकडे येत होता तो आता खांबांकडे निघाला आणि मी त्याच्याबरोबर. दोरा माझ्यामागे साप सरपटावा तसा चालला होता. तो गव्हात शिरला, तुषारांखाली भिजला, जड झाला. जड दोऱ्याने मला खाली ओढायला सुरुवात केली. पुढे बोरीच्या काट्यात अडकून दोऱ्याचा मोठा भाग तुटला, पण आठ-दहा हातांचा ओला तुकडा माझ्या पोटाला लोंबकळत राहिला. मी कलंडलो. समोर तार होती. मी काही करू शकत नव्हतो.

मी एका खांबाजवळ तारेवर जाऊन पडलो. माझा पंख फाटला आणि आतली छत्रीची काडी सरळ तारेला टेकली.

मित्रांनो, त्या क्षणाला काय झालं ते सांगतो. काहीच झालं नाही. ना ठिणगी, ना आवाज. पण माझ्या प्रत्येक कामटीतून एक थरथर गेली. फार बारीक, फार वेगवान. गावोगावच्या मोटरी, गिरण्या, पंखे, दिवे एकाच वेळी माझ्यातून बोलत आहेत असं मला वाटलं. मी घारीजवळ गेलो होतो तेव्हा मला आभाळ मोठं वाटलं होतं. ही तार माणसाच्या बोटाएवढीही जाड नव्हती, आणि तिच्यात आभाळाएवढंच काहीतरी वाहत होतं. खालून ते ऐकू येत नाही. खालून बघणाऱ्याला ती कपडे वाळत घालायच्या तारेसारखी दिसते. हीच तिची सगळ्यात भयंकर गोष्ट आहे.

लालीबाई सगळ्यात जवळ होती. लेकीचं विमान अडकलं हे तिने पाहिलं. हातातला विळा खाली ठेवला आणि ती धुरा ओलांडून आली. माझा ओला दोरा तिच्या डोक्याच्या वर हातभर लोंबत होता, झुलत होता. तार तर पार वर. दोरा सुताचा. सुताच्या दोऱ्याला कोण घाबरेल? तिने टाचा उंचावल्या आणि हात वर केला.

"याडी!"

शीला धावत येत होती. तिचा आवाज मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

"याडी, हात लावू नोको! दोरा वला हाय! मांगं सर!"

लालीबाईची बोटं दोऱ्यापासून वीतभर होती. ती थांबली. "काहून व? दोराच तं हाय."

"मांगं सर म्हन्तो नं! मांगं!"

लेक अशी ओरडते म्हणजे काहीतरी असणार, एवढं आईला कळलं. तिने हात खाली घेतला आणि मागे सरली. दहा पावलं, पंधरा पावलं. शीला तिथवर पोचली आणि आईच्या कमरेला मिठी मारून तिला आणखी मागे ओढत गेली.

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. मी तारेवर अर्धा फिरलो. माझ्या डाव्या पंखातल्या काडीचं टोक शेजारच्या दुसऱ्या तारेजवळ गेलं. अजून टेकलंही नव्हतं.

सूर्य माझ्या पंखात उतरला असं मला वाटलं. निळा-पांढरा उजेड आणि सुरुंग फुटावा तसा आवाज. बगळे गव्हातून उठले. माझा डावा पंख अर्धा नाहीसा झाला. जळाला म्हणत नाही मी, नाहीसा झाला. दोऱ्याचा काळा कोळसा होऊन तो जिथे लालीबाई उभी होती तिथे पडला आणि ओल्या मातीत चर्र वाजला.

मग सगळं शांत झालं. तुषारांचे पिसारे लहान लहान होत खाली बसले. माझ्यातली थरथर थांबली. उजव्या पंखाने मी तारेला लटकून राहिलो होतो.

आवाज ऐकून वामनराव विहिरीकडून पळत आले. आधी पुतणीकडे पाहिलं, मग लालीबाईकडे, मग वर. सगळे धडधाकट आहेत हे पाहून त्यांच्या जिवात जीव आला. ते मनाने फार चांगले गृहस्थ. शीलाचे डोळे भरलेले दिसले तसा त्यांनी पाटात पडलेला लांब बांबू उचलला.

"रडू नोको व पोरी. आता काढून देतो तुहं इमान."

"काका, नोको!"

"अवं, लाइन गेली नं! तुषार बंद पडले, दिसून नाही राह्यलं काय? हेच टाइम हाय. दोन मिनिटाचं काम."

शीला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात आडवे पसरले. पंधरा वर्षांची पोरगी, आणि समोर वडिलांहून मोठा माणूस.

"काका, बा सांगते, लाइन गेली म्हणजे मेली नाही, झोपली हाय. सबस्टेशनवाले पुन्हा चालू करून पाह्यतात. कवा करतीन, आपल्याले मालूम नाही."

"अवं, एवढ्यात कोन चालू करते?" वामनरावांनी तिला हळूच बाजूला केलं आणि बांबू उचलला. त्याच्यातून पाणी गळत होतं. बांबूचं टोक वर येऊ लागलं. डोक्याएवढं, मग डोक्याच्या वर.

"काका, तुमाले निकिताची आन हाय!"

निकिता जागच्या जागी उभी राहून रडायला लागली. वामनराव थांबले. बांबू तसाच अर्ध्यावर धरून ते पुतणीकडे वळले. काही बोलणार होते.

माझ्यातून थरथर गेली.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण ते काम गव्हाने केलं. वामनरावांच्या विहिरीवरच्या मोटरीला ऑटो बसवलेला होता, वीज आली की ती आपोआप सुरू व्हायची. गव्हातल्या नळ्यांनी आधी सुस्कारा टाकला, मग पाणी थुंकलं, मग एकेक पांढरा पिसारा उठला आणि गरगर फिरू लागला. वामनरावांच्या डाव्या बाजूला. उजव्या बाजूला. सगळीकडे.

वामनरावांनी आपल्या स्वतःच्या तुषारांकडे पाहिलं. मग हातातल्या ओल्या बांबूकडे. त्यांनी तो हळूहळू खाली आणला, वावरात आडवा ठेवला आणि त्याच्यापासून दूर जाऊन खाली बसले. नंतर ते एवढंच म्हणाले, "बाप्पा रे."

शीलाने मग सगळ्यांना मागे नेलं, थेट लालीबाईच्या वावराच्या मध्यापर्यंत. निकिताला पांदणीच्या, म्हणजे वावराकडे येणाऱ्या गाडीवाटेच्या, तोंडाशी उभं केलं, येणाऱ्याला थांबवायला. आईच्या मोबाइलवरून वडिलांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "कोनाले लागलं काय?"

"नाही बा."

"खरं सांग."

"खरंच नाही. याडी हाय इथं. बोल."

लालीबाईचा आवाज ऐकल्यावर ते म्हणाले, "मी येईपर्यंत कोनी जवळ जाऊ नोका. लाइन बंद दिसली तरी नाही."

ते दुसऱ्या गावी होते. यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी एकटा होतो. एक कोतवाल पक्षी आला आणि माझ्या शेजारी त्याच तारेवर बसला. त्याला काही झालं नाही. तो एकाच तारेवर होता, त्याचा पाय दुसऱ्या तारेला किंवा जमिनीला लागत नव्हता, म्हणून वीज त्याच्यातून वाट काढत नव्हती. पण माणूस जमिनीवर उभा असतो, मित्रांनो. माणसाने पाखराची बरोबरी करू नये.

भावसिंग आले ते एकटे नव्हते. बरोबर त्यांच्याच खात्यातले जुने वायरमन गुलाबसिंग होते. तोवर पांदणीत वीस-पंचवीस माणसं जमली होती. भावसिंगांनी वर पाहिलं. माझ्या फाटलेल्या पंखातून छत्रीची काडी बाहेर आलेली त्यांना दिसली. ती आपल्याच छत्रीची आहे हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण आधी काम.

त्यांनी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करायला सांगितली. लाइनवर काम करायचं परमिट घेतलं, त्याचा नंबर दोनदा म्हणून दाखवला. तुषार पुन्हा खाली बसले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "झाली नं बंद, चढा आता!"

"थांब नं भाऊ," गुलाबसिंग म्हणाले.

खांबावरचा स्विच खाली ओढला, त्याला कुलूप लावलं, किल्ली भावसिंगांनी खिशात घातली. दोघांनी हातमोजे आणि टोप्या चढवल्या. जमिनीत एक लोखंडी सळई ठोकली. तिला जोडलेली जाड तार एका लांब दांडीच्या टोकाला होती. गुलाबसिंगांनी ती दांडी वर केली आणि तिचा आकडा तारेवर टाकला.

चट्ट!

एक बारीक निळी ठिणगी. सगळ्यांनी पाहिली. सगळ्यांनी ऐकली. पांदणीतली कुजबुज थांबली.

"पाह्यलं?" भावसिंग वळून म्हणाले. आवाज चढवला नाही. "बंद करून, कुलूप लावून बी एवढी उरली होती. त्या बाजूनं मोठी लाइन जाते, तिचा असर येते. म्हणून आधी जमिनीले जोडायचं, मंग हात लावायचा."

मग ते खांबावर चढले. कमरेचा पट्टा अडकवला. किती शांत चढले! एकही पाऊल घाईत पडलं नाही. मी आभाळात घारीला पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की याहून थोर काही नसेल. आता हा माणूस माझ्यापर्यंत येत होता आणि माझ्यासाठी पाच गावांची वीज थांबली होती. कुठे गिरणीत पीठ अर्धवट दळलेलं, कुठे टाकीत पाणी अर्धं चढलेलं, कुठे पाळण्यावरचा पंखा थांबलेला. एका कागदी खेळण्यामुळे. मला लाज वाटली, आणि त्या माणसाचा आदर वाटला. त्याने मला दोन्ही हातांनी तारेवरून सोडवलं, जसं झाडाच्या फांदीतून पाखरू सोडवावं तसं, आणि दोरीने खाली सोडलं.

खाली आल्यावर आधी माणसं मोजली. मग दांडी काढली, कुलूप काढलं, परमिट परत केलं. मी पडल्यापासून अडीच तास झाले होते. तुषार पुन्हा उठले आणि माणसं पांगली.

भावसिंग धुऱ्यावर बसले. शीला चार हात लांब उभी होती, मान खाली. त्यांनी तिला हाक मारली नाही. आधी लालीबाईला जवळ बोलावलं, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा उलटा-सुलटा करून पाहू लागले. हरभऱ्याच्या खाराने तडकलेली ती बोटं. एकेक बोट त्यांनी पाहिलं.

"वीतभर ऱ्हायलं होतं," लालीबाई म्हणाली. "पोरीनं हाक मारली म्हणून."

भावसिंगांनी डोळे पुसले. मग शीलाकडे वळले.

"खांबापासून लांब ऱ्हाय म्हणलं होतं नं तुले?"

"तीनशे पावलं मोजली होती, बा."

"गेल्या साली हे किती दूर गेलतं?"

शीलाने विचार केला. तिच्या लक्षात आलं.

"मी बी चुकलो," भावसिंग म्हणाले. "लांब ऱ्हाय म्हणलं, किती लांब थे नाही सांगतलं. पंखात काय घातलं थे बी नाही पाह्यलं. वायरमनच्या घरात हे व्हाले नको होतं." मग त्यांनी खांबाकडे पाहिलं. "माह्यासंगं रमेशभाऊ होता कामाले. तुले आठवत नसन. बंद हाय म्हणून चढला होता. जित्ता उतरला नाही."

शीला वडिलांच्या शेजारी जाऊन बसली.

प्रदर्शनात मी गेलो, पण उडणारा ग्लायडर म्हणून नाही. शीलाने मला तसंच ठेवलं, जळलेल्या पंखासकट. शेजारी छत्रीची वितळलेली काडी ठेवली. येणाऱ्या प्रत्येकाला तिने सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. पण वामनराव तिथे दिवसभर उभे होते, आणि कुणी विचारलं की म्हणत, "हे इमान काढाले मी वला बांबू घेऊन गेलतो. या पोट्टीमुळं आज तुमच्यासंगं बोलून राह्यलो."

त्यानंतर शीलाने दुसरा ग्लायडर केला. त्याच्या पंखात नुसता बांबू आहे, आकडा दरवेळी घासून पाहिला जातो. उन्हाळ्यात तलाव आटला की त्याच्या कोरड्या पोटात, चारही बाजूंनी किलोमीटरभर तार नाही अशा जागी तो उडवतात; भावसिंग सुट्टी असेल तेव्हा स्वतः सोबत जातात. तो भाऊ मी अजून पाहिलेला नाही. फार उंच जातो म्हणतात. मला आनंद आहे.

आता शीला कॉलेजात शिकते आहे, आणि मी इथे खिडकीपाशी.

मित्रांनो, तुम्ही पतंग उडवाल, ग्लायडर उडवाल, आणि जरूर उडवा. ज्याने मातीला आभाळ उचलताना पाहिलं नाही, त्याने फार मोठी गोष्ट पाहिली नाही. पण आधी मान वर करून तारा शोधा. तुमचं विमान आजवर जितकं लांब गेलं असेल त्याच्या दुप्पट अंतरात एकही तार नको. आणि एवढं करूनही कधी अडकलंच, तर दोरा ओढू नका, बांबू आणू नका, खांबावर चढू नका, तार बंद दिसते म्हणून जवळ जाऊ नका. मागे फिरा आणि वायरमनला फोन करा.

आम्ही कागदाचे असतो. आठ दिवसांत पुन्हा बनतो. तारेवर आम्ही महिनाभरही लटकून राहू शकतो. उन्हात रंग उडेल, वाऱ्याने चिंध्या होतील, पण आम्हाला दुखत नाही. म्हणून आमच्यासाठी धावत येऊ नका. आम्हाला वाट बघता येते.